सतरा नंबरचा नट

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. होड्या बंद म्हणजे मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्याही बंद. दहा महिने ज्यांना एक दिवस उभं राहायला सवड नसते त्या गाड्या मग भर पावसात हातखंब्याच्या तिठ्याजवळ आमच्या गॅरेजच्या आवारात येऊन उभ्या राहतात, आणि प्रत्येक मालकाचं एकच म्हणणं असतं, “मिस्त्री, एक तारखेच्या आत द्या.”

मासळीची गाडी डोळे मिटूनही ओळखू येते. हौद्याच्या फळ्यांत मुरलेला वास कितीही धुतला तरी जात नाही. आम्हाला मात्र त्या वासाच्या मागचं पाणी दिसतं. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं मीठ उतरतं आणि ते पाणी फटीफटीतून चासीवर ठिबकत राहतं. पुढच्या गाडीने रस्त्यावर सांडलेलं तेच पाणी मागच्या गाडीच्या चाकांनी इंजिनाखाली उडतं. बंदरावर गाडी धुतात ती बऱ्याचदा खाडीच्याच पाण्याने. मग तीच गाडी भरलेल्या मालासह आंबा घाट चढते, सायलेन्सरचा पाइप तापून निघतो, आणि वर साखळीसारखा न तुटणारा पाऊस. तापायचं, भिजायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात लोखंड कितीतरी लवकर सडतं, आणि उष्णतेने ते काम आणखी वेगाने होतं. लांजा-राजापुरातल्या चिऱ्याच्या गाड्या आणि या मासळीच्या गाड्या एकाच वयाच्या असल्या, तरी खालून पाहिल्या तर आजोबा-नातवंडांसारख्या वाटतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक जुनी टाटा आली. १९९० नंतरची, ६९७ इंजिनाची. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. हे इंजिन मूळ मर्सिडीजच्या घराण्यातलं. टेल्को आणि मर्सिडीजचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला, पण माझे उस्ताद शेवटपर्यंत या गाड्यांना ‘मर्सिडीज’च म्हणायचे. हेड बिडाचं, मॅनिफोल्ड बिडाचा, सगळं जाडजूड. अजूनही या गाड्या रस्त्यावर आहेत त्याचं कारण तेच.

तक्रार साधी होती. ड्रायव्हर म्हणाला, चढाला आवाज फुटतो आणि केबिनमध्ये धूर येतो. मॅनिफोल्डमधून खाली सायलेन्सरला जाणारा पाइप जिथे जोडतात, त्या फ्लँजवर काजळीचा काळा पिसारा उमटला होता. पॅकिंग जळलं होतं. काम म्हटलं तर तीन नट खोलायचे, पॅकिंग बदलायचं, तीन नट बसवायचे. नव्या गाडीवर अर्ध्या तासाचं काम. मालकानेही तसंच धरलं होतं. “पॅकिंगच ना मिस्त्री? उद्या सकाळी येतो.”

मी त्यांना सांगितलं, “उद्या नका येऊ. परवाचं बघू.” ते थोडे नाराज होऊन गेले.

हाताखाली एक पोरगा आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला, हुशार आहे, हाताला वेग आहे. त्याने तोवर खड्ड्यात उतरून नटाला पाना लावून पाहिला होता. सतरा नंबरचा पाना ढिला बसत होता. सोळाचा जात नव्हता. तो खालून म्हणाला, “काका, गन आणू का?”

इम्पॅक्ट गनला मी वाईट म्हणत नाही. चाकाचे नट खोलायला ती नसती तर आमच्या खांद्यांची दैना झाली असती. तिचे छोटे छोटे हिसके कधी कधी जाम बोल्टाला बरेही मानवतात. पण नट ज्या आट्यांच्या दांड्यावर बसतो त्या सायलेन्सरच्या गंजलेल्या स्टडवर मला ती नको वाटते, कारण गन हातात असली की नटाचं काही कळत नाही. जे काही कळतं ते गनचं. मी म्हटलं, “आज पाना नको, गन नको. आज फक्त तारेचा ब्रश.”

त्या नटांकडे नीट पाहिलं पाहिजे. नट म्हणजे सहा कोन, हे आपण गृहीत धरतो. या तिघांपैकी एकालाही सहा कोन उरले नव्हते. गंजाचे पापुद्रे एकावर एक चढून खाज्याच्या लाडवासारखा गोळा झाला होता. ब्रशने घासलं की तपकिरी भुकटी गळायची आणि आतून थोडा काळा, गुळगुळीत भाग दिसायचा. तिथे खरा नट. स्टडचं नटाबाहेर आलेलं टोक तर पेन्सिलीसारखं निमुळतं झालं होतं. त्यावर आटे शिल्लकच नव्हते. नट फिरून निघायचा तर तो त्या टोकावरूनच बाहेर यायला हवा, म्हणून तिथे साफ करण्यात पोऱ्याचा एक तास गेला. मला तो तास फुकट वाटला नाही.

गंज नुसता चिकटवत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी मोकळी जागा असते. गंज ती भरतो, आणि भरल्यावरही वाढतच राहतो. म्हणजे आतून नटाला बाहेर ढकलतो आणि स्टडला आवळतो. ज्याने तो नट कसला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जोराने गंजाने तो धरलेला असतो. दुसरीकडे स्टड स्वतः झिजून बारीक झालेला. धरणारा जोर वाढलेला आणि सहन करणारं लोखंड कमी झालेलं. म्हणून अशा नटावर मोठ्या पाइपची दांडी लावून जोर केला की नटाआधी स्टड हार मानतो.

या गाडीत आणखी एक अडचण होती. स्टड खालच्या दिशेला तोंड करून होते. वरून तेल ओतलं तर ते फ्लँजवरून ओघळून जातं, नटात शिरत नाही. त्याला उस्तादांची युक्ती. जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, तेलात बुडवायच्या आणि प्रत्येक नटाला जखमेसारखी पट्टी बांधायची. तेल वर चढतं, आट्यांच्या फटीतून आपोआप खेचलं जातं. आम्ही पूर्वी डिझेल नाहीतर रॉकेल वापरायचो. आता फवारणीचे डबे मिळतात, त्यातलं तेल जास्त पातळ असतं आणि खोल जातं. पण तेल कुठलंही असो, त्याला रात्र द्यावी लागते. उस्ताद संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला उद्याच्या गाडीच्या नटांना तेल घालून मगच हात धुवायचे. ते काम ते कधी पोऱ्यांना सांगत नसत.

त्या रात्री मी तीन पट्ट्या बांधल्या. झोपायच्या आधी एकदा, पहाटे पुन्हा एकदा तेल सोडलं.

आता मला त्या पोऱ्याच्या वयाचा असतानाचं सांगावं लागेल, कारण मी गन नको म्हणतो त्यामागे तो दिवस आहे.

एप्रिल संपत आला होता. हापूसचा ऐन हंगाम. वाशीच्या बाजारात पेट्या पोचवणाऱ्या एका गाडीचं मॅनिफोल्ड फुंकत होता. मालकाची ती एकच गाडी, आणि ती संध्याकाळी भरायची होती. उस्ताद दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली होते. मला वाटलं, ते येईपर्यंत आपण खोलून ठेवू. हेडमधल्या स्टडवरचा एक नट हलेना. मी पान्यावर पाइप चढवला, पाय चाकाला लावला आणि ओढलं. आधी काही नाही. मग पाना हळूच फिरायला लागला. मऊ, बिनआवाज, लोण्यात सुरी जावी तसा. मला आनंद झाला. मी ओरडलो, “आलं उस्ताद, आलं!”

गिअरबॉक्सखालून आवाज आला, “थांब! येत नाहीये ते. जातंय.”

त्यांनी पाहिलं नव्हतं. माझ्या श्वासावरून आणि पान्याच्या न झालेल्या आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं. मी थांबेपर्यंत नट, त्याच्यासकट स्टडचं टोक माझ्या हातात आलं होतं. हेडच्या पातळीला तुटलेला, चकाकत्या करड्या लोखंडाचा गोल टिकलीएवढा ठिपका तेवढा मागे उरला.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला कानस दिली आणि तो ठिपका सपाट करायला बसवलं. तुटलेलं लोखंड कधी सपाट तुटत नाही. त्याच्या उंचवट्यावर पंच ठेवला की तो मध्यावरून सरकतो, पंच सरकला की ड्रिल सरकतं, आणि बिडापेक्षा स्टड कठीण असल्यामुळे ड्रिल मऊ बाजूला, म्हणजे हेडमध्ये घुसतं. सपाट केल्यावर मध्य काढून पंच मारला, मग तीनचं ड्रिल, मग पाचचं, मग साडेआठचं, मग दहाचा टॅप. तरी ते थोडं बाजूला गेलंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चाललं. आंब्याच्या पेट्या रात्रीच दुसऱ्या गाडीत भरून गेल्या, आणि त्या भाड्याचे पैसे त्या मालकाने स्वतःच्या खिशातून दिले. माझ्याकडे ते रागाने पाहतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाहिलंच नाही. गाडीच्या सावलीत बसून ते रस्त्याकडे बघत राहिले. ते बसणं मला अजून दिसतं.

त्या दिवसानंतर उस्तादांनी मला जे शिकवलं ते बोलण्यातून कमी आणि हातातून जास्त. माझा हात पान्यावर आणि त्यांचा माझ्या हातावर. नट सुटणार असला तर आधी एक कोरडा ‘कट्’ येतो. लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखा. तो आवाज म्हणजे गंजाची पकड तुटली. मग फिरताना ‘चर्र’ होतं, ते आट्यांत गंजाची भुकटी दळली जातेय त्याचं. ते झालं की पुढे जायचं नाही, मागे यायचं, तेल सोडायचं, पुन्हा पुढे. पण जर काही आवाज न होता पाना मऊपणे फिरू लागला, हाताला रबर पिळल्यासारखं लागलं, तर ते नट फिरणं नव्हे, स्टड पिळवटणं. तिथे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी हात काढायचा. लोखंड एकदा ताणलं गेलं की मूळच्या ताकदीला परत येत नाही, पण अजून तुटलेलंही नसतं. तेवढ्या फटीत आपल्याला वाचायला जागा असते. पुस्तकात ही गोष्ट ताणाच्या आलेखाने दाखवतात. मला ती तळहातात दाखवली गेली, आणि मी मानतो की मला जास्त चांगलं शिकवलं गेलं.

सकाळी पट्ट्या सोडल्या. पहिला नट बाहेरच्या बाजूचा, त्याला जागा होती. पोऱ्याला मी आधी कसायला सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं. पण जाम नट सोडवायचा तर पहिला जोर कसण्याच्या दिशेला द्यावा, अगदी किंचित. त्या दिशेच्या आट्यांना गंजाचा आधार वेगळा असतो आणि पकड बऱ्याचदा तिथे तुटते. मी नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून ठेवला आणि दुसऱ्या बाजूने हलक्या हातोडीने वाजवलं, वीस-पंचवीस टोले. मग त्याने कसलं, सोडलं, कसलं. ‘कट्’ आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्याला कोन नव्हते म्हणून सोळाचं षट्कोनी सॉकेट हातोड्याने ठोकून बसवलं. बारा कोनांचं रिंग अशा वेळी वापरू नये, ते फक्त टोकांना धरतं आणि असलेली टोकं खाऊन टाकतं. सॉकेट बसलं, पण नट जागचा हलेना. मग गॅस काढला. आधी तेलाच्या पट्ट्या लांब नेऊन टाकल्या, नट कोरडा पुसला, डिझेलच्या पाइपावर ओलं गोणपाट गुंडाळलं, बादली जवळ घेतली. तेलात भिजलेल्या जागी ज्योत लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाच्या हातावरची खूणही पाहिली आहे.

ज्योत नटावर फिरवायची, स्टडवर नाही. नट आधी फुगला पाहिजे. हिशोब केला तर ते फुगणं फार नाही. दहा मिलिमीटरचं भोक चारशे अंशांनी जास्त तापलं तर पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास वाढतं. पण गंजाला तेवढं पुरतं, कारण गंज लोखंडाबरोबर ताणला जात नाही, त्याला तडे जातात. नट अंधुक लाल झाला, सावलीत दिसेल एवढाच, की ज्योत बाजूला करायची. लाली गेली की मेणबत्तीचं टोक आट्यांना टेकवायचं. मेण पाण्यासारखं होऊन आत ओढलं जातं. ते दिसतं, डोळ्यांसमोर नाहीसं होतं. पावसाचा आवाज पत्र्यावर इतका होता की ‘चर्र’ ऐकूच आलं नाही. मला ते हातालाच लागलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. असं करत त्या नटाला पाऊण तास लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत काळी, चिकट, मेण आणि गंजाची पेस्ट भरलेली होती.

तिसरा नट इंजिनाच्या बाजूला, हात जेमतेम जाईल अशा जागी. तिथे ब्रश नीट पोचला नव्हता. मी आरसा धरून टॉर्च मारला, आणि नटाखाली जे दिसलं त्याने मी थबकलो. दोन स्प्रिंग वॉशर होते, एकावर एक.

फ्लँजवर दोन स्प्रिंग वॉशर कोणी लावत नाही. एकही लावू नये. सायलेन्सरच्या उष्णतेत स्प्रिंगचं पाणी उतरतं, वॉशर चपटा होतो, आणि नट उलट ढिला पडतो. हे मला आता माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मला वाटायचं की एकाने सुटत असेल तर दोन लावावेत, आणि मी तसंच लावायचो. मी स्वतंत्र गॅरेज काढलं तेव्हापासून प्रत्येक गाडीचं काम वहीत लिहितो. दुपारी पोऱ्या जेवायला गेल्यावर जुन्या वह्या काढल्या. ओल लागून पानं चिकटली होती. एमएच ०८ च्या त्या नंबराखाली नऊ वर्षांपूर्वीची ३० जुलै ही तारीख होती आणि माझ्याच अक्षरात : “सायलेन्सर पॅकिंग, नट ३ नवीन.”

गाडी तेव्हा दुसऱ्या मालकाची होती. म्हणून ओळखली नव्हती. मला ती रात्रही आठवली. एक तारखेच्या आत द्यायच्या गाड्यांची रांग होती, आणि मी आट्यांना ग्रीस लावलं नव्हतं. साधे लोखंडी नट, कोरडे, घाईत कसलेले. दोन नटांवर मधल्या काळात कोणाचा तरी हात पडला असावा, त्यांना साधे वॉशर होते. हा मागचा कोपऱ्यातला कोणी हातच लावला नव्हता. नऊ वर्षं तो तसाच होता. सकाळपासून मी मनातल्या मनात मागच्या मिस्त्रीला बोल लावत होतो, तो मिस्त्री मीच.

पोऱ्या आल्यावर मी त्याला वही दाखवली. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याला ते कळणं माझ्या अब्रूपेक्षा जास्त उपयोगाचं होतं. तो बराच वेळ अक्षर बघत राहिला. मग म्हणाला, “काका, मग हा आपणच काढायला पायजे.”

त्या नटाला आम्ही दोनदा तापवलं. तिसऱ्या वेळी पाना फिरला, आणि माझ्या हाताला ते रबर लागलं. मी हात काढून घेतला. स्टड अजून तुटलेला नव्हता, पण मानेपाशी इतका झिजलेला की तो टिकणार नाही हे दिसत होतं. तेव्हा नट छिन्नीने उभा चिरला. चिरलेला नट निघाला, वॉशर निघाले, पाइप खाली आला. पण मॅनिफोल्डमध्ये रुतलेला तो बारीक स्टड काढताना पहिल्याच वळणाला मॅनिफोल्डच्या तोंडाशी तुटला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एवढा वेळ सांभाळून ज्या जागी तो तुटायचा तिथेच तुटला होता. आता तो जागेवरच काढायचा, कारण मॅनिफोल्ड उतरवायचा तर वरचे सगळे नट, तेही याच वयाचे, उठवावे लागले असते.

शेजारच्या वेल्डरला बोलावलं. बॅटरीच्या वायरी काढल्या, अर्थिंग फ्लँजच्या जवळ लावलं. तो खड्ड्यात उताणा झाला. तुटलेल्या स्टडवर एक नवा नट उलटा टेकवायचा, आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंगचा थेंब सोडायचा. डोक्यावर वेल्डिंग करणं म्हणजे ठिणग्या स्वतःच्या गळ्यात घेणं. पहिला नट पान्याला लागताच गळून पडला. दुसराही. बिडाला साधी वेल्डिंग नीट धरत नाही, इथे ते आमच्या पथ्यावर पडतं. थेंब चुकून मॅनिफोल्डला लागला तरी ठिसूळ राहतो, स्टडच्या पोलादाला मात्र पक्का धरतो. तिसऱ्या वेळी वेल्डरने आधी स्टडवर नुसता एक उंचवटा उभारला आणि त्यावर नट बसवून भरला. लाली ओसरेपर्यंत कोणी बोललं नाही. मी मेणबत्ती टेकवली. पाना त्या पोऱ्याच्या हातात दिला.

त्याने आधी कसायच्या दिशेला दाबलं, कोणी न सांगता. मग सोडवायच्या. ‘कट्’ असा आवाज आला, पत्र्यावरच्या पावसातूनही आला. त्याने लगेच मागे घेतलं, थांबला, पुन्हा पुढे. स्टड बोटभर बाहेर आला तेव्हा तो धुरकट निळा होता आणि आतल्या बाजूचे आटे जवळजवळ नव्यासारखे होते. मॅनिफोल्डच्या आतल्या भागात पाणी कधी पोचलंच नव्हतं.

बसवायचं काम एका तासात झालं, पण ते मी पोऱ्याला न देता स्वतः केलं. तिन्ही भोकांत दहाचा टॅप फिरवून आटे साफ केले. नवे स्टड, त्यांच्या दोन्ही टोकांना तांब्याचं ग्रीस. साधं ग्रीस इथे जळून जातं, तांब्याची भुकटी मात्र आट्यांमध्ये राहते आणि लोखंडाला लोखंडाशी जुळू देत नाही. नट पितळेचे, लांब. पितळ आणि पोलाद गंजून एकजीव होत नाहीत, आणि पुढे कधी जाम झालेच तर पितळ मऊ म्हणून नट चिरतो आणि स्टड वाचतो. पितळेचे नट साध्यापेक्षा महाग असतात, म्हणून बरेच जण घालत नाहीत. मालकाला ते बिलात दिसले नसते तरी मी घातले असते.

मालक आले. बिलावर तीन स्टड, तीन नट, एक पॅकिंग आणि दोन दिवसांची मजुरी पाहून म्हणाले, “तीन नटांना दोन दिवस?” हा प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो आणि तो खोटा नाही. सुट्या भागाचे पैसे देताना माणसाला हातात काहीतरी मिळतं. न तुटलेल्या गोष्टीचे पैसे कसे मागायचे, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. मी त्यांना जुने तुकडे दाखवले. चिरलेला नट, पेन्सिलीसारखा स्टड, ते दोन चपटे वॉशर. आणि सांगितलं की यातला एक नट मीच बसवलेला होता, म्हणून त्या नटाची मजुरी धरलेली नाही. त्यांनी वॉशर उलटेपालटे करून पाहिले आणि बाकीचे पैसे दिले. एक तारखेला पहाटे गाडी बंदरावर होती.

दिवाळीच्या आसपास ती ऑइल बदलायला परत आली. पोऱ्या खड्ड्यात होता. ऑइल गळेपर्यंत वेळ होता. मी वरून पाहिलं, त्याने सतराचा पाना घेतला आणि त्या मागच्या कोपऱ्यातल्या नटाला लावला. कोणी सांगितलं नव्हतं. नट पाव फेरा सुटला, बिनत्रास, दाराची कडी सरकावी तसा. त्याने तो परत कसला, चिंधीने पुसला आणि ऑइलच्या नटाकडे वळला.